सत्य सापेक्ष असतं की निरपेक्ष? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा ना, सत्य सापेक्ष की निरपेक्ष?

विधान पूर्ण केलं तर निरपेक्ष. "बघा, सत्य सापेक्ष असतं" म्हणून लोक जी उदाहरणं देतात ना, त्यातली बहुतेक अर्धवट वाक्यं असतात. "पाऊस पडतोय" हे इथे खरं आणि तिथे खोटं, मान्य, पण अमुक ठिकाणी अमुक तारखेला अमुक वाजता पाऊस पडत होता की नाही याचं उत्तर एकच आहे आणि विचारणारा कोण आहे यावर ते बदलत नाही. कुठे, कधी, कशाच्या तुलनेत, कुणाला हे सगळं वाक्यात भरलं की सापेक्षतेतली बरीचशी हवा निघून जाते. सगळी जात नाही हे आधीच सांगून ठेवतो. आवडीनिवडी आणि नीती या दोन ठिकाणी खरी अडचण आहे, ती खाली येईलच.

निरपेक्ष म्हणजे नक्की काय? देवाने सांगितलेलं वगैरे?

नाही हो, एवढं भारी काही नाही. कोण म्हणतंय, किती जण म्हणतात, कुणाला पटतं याच्याशी देणंघेणं न ठेवता एखादी गोष्ट जशी आहे तशी असणं, बस. ॲरिस्टॉटलने हेच सांगितलं होतं, जे आहे ते आहे म्हणणं आणि जे नाही ते नाही म्हणणं म्हणजे खरं बोलणं. आपल्याकडे नैयायिकांचंही, म्हणजे न्याय दर्शनाच्या तत्त्वज्ञांचंही, साधारण असंच, वस्तू जशी आहे तसाच तिचा अनुभव आला तर तो यथार्थ, दोरीला दोरी म्हणून ओळखलं तर यथार्थ, साप समजलात तर अयथार्थ. एकमेकांपासून इतक्या लांब बसलेली माणसं जवळपास एकाच व्याख्येवर पोचली याचं मला तरी अजून नवल वाटतं.

दुसऱ्या बाजूला इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक विचारवंत प्रोटागोरस, ज्याचं म्हणणं होतं की माणूसच सगळ्या गोष्टींचं माप आहे, म्हणजे तुला वारा गार लागला तर तुझ्यासाठी गार आणि मला नाही लागला तर माझ्यासाठी नाही, विषय संपला.

मग प्रोटागोरस चुकला कुठे? एकाच वाऱ्यात एकाला थंडी वाजते आणि दुसऱ्याला नाही, हे तर रोजचंच आहे.

रोजचंच आहे. एक प्रयोग घरीच करून बघा. तीन भांडी घ्या, एकात गार पाणी, एकात सोसवेल इतकंच गरम, मधल्यात कोमट. एक हात गारमध्ये आणि दुसरा गरममध्ये मिनिटभर बुडवून ठेवा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घाला. गारमधून आलेला हात सांगतो पाणी गरम आहे, गरममधून आलेला सांगतो गार आहे, आणि दोन्ही हात तुमचेच! इथे दुसरा माणूससुद्धा नाही, म्हणजे "तुझं सत्य आणि माझं सत्य" म्हणायची सोय पण राहिली नाही. मग काय, एकाच पाण्याला दोन तापमानं आहेत असं म्हणणार का? त्वचा तापमान मोजतच नाही मुळी, आधीच्यापेक्षा किती फरक पडला ते सांगते, आणि तो फरक दोन्ही हातांसाठी खरोखरच उलटा आहे. दोन्ही हात बरोबर आहेत कारण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत. थर्मामीटर घाला, एकच आकडा येईल.

२०१५ साली त्या ड्रेसच्या फोटोवरून नेटवर रण माजलं होतं ते आठवत असेल, कुणाला पांढरा-सोनेरी दिसायचा आणि कुणाला निळा-काळा. दिसणं दोघांचंही प्रामाणिक होतं. ड्रेस निळा-काळा होता. फोटोतला उजेड कसला आहे याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपापला लावत होता, म्हणून रंग वेगळे दिसले.

आकडे तरी निरपेक्ष असतात ना?

कशाचा आकडा ते सांगितलंत तर असतात. एव्हरेस्टचंच बघा. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागाने ८,८४८ मीटर काढली. २००५ मध्ये चीनने मोजून ८,८४४.४३ सांगितली आणि नेपाळ म्हणत होतं की नाही, ८,८४८ च बरोबर. आता यात खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही, चीन खडकापर्यंतची उंची सांगत होता आणि नेपाळ खडकावर साठलेल्या बर्फासकट. २०१० मध्ये दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं आणि डिसेंबर २०२० मध्ये दोघांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला, बर्फासकटचा.

आणि "सर्वांत उंच शिखर कुठलं" हा प्रश्न तर त्याहून मजेशीर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलंत तर एव्हरेस्ट. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलंत तर इक्वेडोरमधलं चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे चिंबोराझो समुद्रसपाटीपासून जेमतेम ६,३०० मीटरच्या आत असूनही त्याचं टोक केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त लांब आहे. आणि पायथ्यापासून टोकापर्यंत मोजलंत तर हवाईचं मौना केआ, ज्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे, दहा हजार मीटरच्या वर जातं. म्हणजे तीन उत्तरं आली. पण ती तीन प्रश्नांची तीन उत्तरं आहेत आणि त्यातलं प्रत्येक पक्कं आहे, कुणी कितीही भांडलं तरी समुद्रसपाटीपासून चिंबोराझो एव्हरेस्टला मागे टाकणार नाही. मोजायची पट्टी आपण निवडतो, पट्टीवर काय येईल ते आपण निवडत नाही. माझं या विषयावरचं म्हणणं साधारण एवढंच आहे, बाकी सगळे तपशील.

आइन्स्टाइनने तर सगळं सापेक्ष आहे हे सिद्धच केलंय!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर उलटं आहे. त्याच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतात काळ, लांबी आणि दोन घटना एकाच वेळी झाल्या की नाही हे बघणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतं, हे खरंय. धावत्या ट्रेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला वीज पडली, फलाटावरचा माणूस म्हणतो दोन्ही एकदम पडल्या, ट्रेनच्या मधोमध बसलेला म्हणतो पुढची आधी पडली, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण हा सिद्धांत उभाच आहे कशावर, तर निर्वातातला प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मिळणार, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, आणि भौतिकशास्त्राचे नियम सगळ्यांसाठी तेच राहणार, यावर. शिवाय काळ आणि अंतर मिळून एक राशी निघते जी फलाटावरच्याला आणि ट्रेनमधल्याला अगदी सारखीच येते. कारण आणि परिणाम यांचा क्रमही कुणासाठी उलटत नाही. फलाटावरच्याला काय दिसेल हे ट्रेनमधला माणूस गणित करून अचूक सांगू शकतो. "ज्याचं त्याचं खरं" असतं तर हे गणित जमलंच नसतं.

जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे सुमारे ७ मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सुमारे ४५ पुढे, वजाबाकी करा. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे हे दुरुस्त केलं नाही तर मोबाईलवरच्या नकाशाचं काय होईल बघा. ही दुरुस्ती आइन्स्टाइन न पटणाऱ्याच्या फोनलाही लागतेच.

आणि क्वांटम, म्हणजे सूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र? बघणाऱ्यामुळे वास्तव बदलतं म्हणे.

तिथे "बघणं" म्हणजे डिटेक्टरने मोजणं, मनात आणून बघणं नव्हे. एका कणाचं उत्तर आधी सांगता येत नाही हे खरं, पण लाखो कणांचं प्रमाण कुठल्याही लॅबमध्ये सारखंच येतं, शास्त्रज्ञ आनंदी असो की वैतागलेला.

"सगळं सत्य सापेक्ष आहे" हे वाक्य स्वतःलाच खोडतं असं ऐकलंय. हा नुसता शब्दांचा खेळ आहे ना?

खेळ वाटतो पण नाहीये. प्लेटोने एका संवादात प्रोटागोरसला इथेच पकडलंय. तू म्हणतोस की प्रत्येकाला जे वाटतं ते त्याच्यासाठी खरं, बरं, मग तुझं हे म्हणणं चूक आहे असं मला वाटतं, ते माझ्यासाठी खरं झालं, आणि ते तुला तुझ्याच नियमाने मान्य करावं लागतंय. आता प्रोटागोरसवाला म्हणू शकतो की अरे मी फक्त "माझ्यासाठी खरं" एवढंच म्हणत होतो. ठीक आहे, पण मग तो आम्हाला काहीच पटवून देत नाहीये, स्वतःबद्दल माहिती देतोय, आणि वाद घालायचं कारणच उरत नाही.

फक्त या युक्तिवादाने किती मिळतं ते नीट बघा. "सगळं" सापेक्ष आहे हे म्हणणं पडतं. "काही" गोष्टी सापेक्ष आहेत याला धक्का लागत नाही. हा युक्तिवाद एकदा कळला की लोक जिथेतिथे फेकून मारतात, म्हणून सांगितलं.

विज्ञान दर काही वर्षांनी बदलतं. काल खरं होतं ते आज खोटं, मग निरपेक्ष कसलं?

बदलतं ते आपलं ज्ञान. ग्रह आपले आधी फिरत होते तसेच फिरतायत. बुधाची कक्षा शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतकी जास्त सरकते हे न्यूटनच्या गणितातून निघत नव्हतं, १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गणितातून निघालं. पण बुध न्यूटनच्या काळातही तसाच सरकत होता ना! उलट मी तर म्हणेन की विज्ञान चुकू शकतं यातूनच सत्य आपल्या मानण्यावर नाही हे दिसतं, कारण चुकायला आपल्या बाहेर काहीतरी असावं लागतं. जे मानतो तेच सत्य असतं तर कुणी कधी चुकलंच नसतं.

प्लुटोचं मात्र यात घालू नका. १९३० मध्ये सापडला, २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढला, यात प्लुटोबद्दलची माहिती खोटी ठरली नाही, ग्रह कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली गेली. परत पट्टीच.

बहुतेक सगळे मानतात ते खरं असं नाही का म्हणता येणार?

नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूती विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास होतं. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला यायचे. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरने त्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि पुढच्या काही महिन्यांत प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं. तरी त्या काळच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही, तो १८६५ मध्ये गेला आणि तोवर जंतूंची कल्पना सर्वमान्य व्हायचीच होती. बहुमत विरोधात होतं, हातावरचा संसर्ग बहुमत विचारून पसरत नव्हता.

हत्ती आणि जन्मांध माणसांची गोष्ट? प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं की.

कुणी शेपूट धरली कुणी कान धरला, त्यामुळे कुणाला दोरी वाटला कुणाला सूप, ही गोष्ट बौद्ध ग्रंथातही आहे आणि जैन परंपरेतही सांगितली जाते. सापेक्षवादी लोकांना ही फार आवडते, पण गोष्ट सांगणाऱ्याकडे बघा, त्याला अख्खा हत्ती दिसतोय. समोर हत्तीच नसता तर "प्रत्येकाला एकेक भाग सापडला" हे वाक्य बोलताच आलं नसतं.

जैनांच्या अनेकांतवादाचंही लोक असंच करतात, "म्हणजे सगळेच बरोबर" असा सरसकट अर्थ काढतात. अनेकांतवाद म्हणतो वस्तूला अनेक बाजू आहेत आणि कुठलंही एक विधान एका बाजूनेच खरं असतं, म्हणून स्याद्वाद सांगतो की विधान करताना ती बाजू जोडा. घडा माती म्हणून नित्य, घडा म्हणून अनित्य. यात दोन्ही विधानं बाजू जोडल्यावर पक्की आहेत. आणि पूर्ण ज्ञान शक्य आहे, केवलज्ञानी सगळ्या बाजू एकदम जाणतो, असंही जैन दर्शनच मानतं. हा सापेक्षवाद कसा होईल? मला तर ही बाजू जोडायची शिस्त या सगळ्या वादातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

शंकराचार्य आणि नागार्जुन दोन पातळ्यांचं सत्य सांगतात, त्याचं काय?

शंकराचार्यांच्या अद्वैतात व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातलं) आणि पारमार्थिक (अंतिम), नागार्जुनाच्या माध्यमिक बौद्ध पंथात संवृति आणि परमार्थ, साधारण तशीच जोडी. दोन्हीकडे तपशील अगदी वेगळे आहेत, एकात घालून काला करू नका. पण दोन्हीकडे पातळ्या माणसागणिक बदलत नाहीत हे लक्षात घ्या. अंधारात दोरीवर साप दिसला, दिवा आणल्यावर साप बाधित झाला, म्हणजे खोटा ठरला, आणि अद्वैताची कसोटी हीच की जे कधीच बाधित होत नाही ते सत्य. याहून निरपेक्ष व्याख्या शोधून सापडणार नाही.

गणित तरी?

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, असं सगळे शिकतो. गोलावर काढा, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, मग विषुववृत्तावरून पाव फेरी आणि परत ध्रुवावर, तर तीन काटकोनांचा त्रिकोण निघतो, २७० अंश. म्हणजे "सपाट पृष्ठावर" हे शब्द वाक्यात लपलेले होते, १९ व्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी वेगळ्या भूमिती मांडल्यावर ते उघड म्हणावे लागले. गोडेल या तर्कशास्त्रज्ञाच्या १९३१ च्या प्रमेयाचा पण लोक असाच गैरवापर करतात. त्याने दाखवलं की पुरेशा समर्थ आणि सुसंगत अशा नियमबद्ध पद्धतीत अशी विधानं राहतात जी खरी आहेत पण त्या पद्धतीत सिद्ध होत नाहीत. म्हणजे सत्य हे सिद्धतेपेक्षा मोठं निघालं, सापेक्ष निघालं नाही.

"हे माझं सत्य आहे" असं कुणी म्हटलं तर?

आधी शांतपणे ऐका, कारण बऱ्याचदा त्याचा अर्थ "मला असं जाणवलं" एवढाच असतो आणि ते जाणवलं हे खरंच असतं. एखाद्याला दुखावल्यासारखं वाटलं तर तसं वाटलं हे पूर्ण निरपेक्ष सत्य आहे, तुम्ही ते नाकारू शकत नाही. गडबड पुढे होते, "मला असं जाणवलं" वरून "तसंच घडलं" वर उडी मारली की.

आठवणींचं तर फारच अवघड असतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं वगैरे. अडीचेक वर्षांनी निकोल हार्श यांच्यासोबत त्यांनाच परत तेच विचारलं. कितीतरी जणांची उत्तरं आधीच्याशी जुळेनात, आणि खात्री मात्र जबरदस्त. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी नव्या आठवणीलाच धरून राहणारे होते. आता यात "त्यांचं सत्य" कुठलं, कागदावरचं की डोक्यातलं?

चव, सौंदर्य?

हे खरंच सापेक्ष आहे, देऊन टाका. "कडू चांगलं लागतं" यात "कुणाला" हे भरल्याशिवाय वाक्य पूर्णच होत नाही. कलेच्या बाबतीत थोडं अडखळायला होतं, कारण जाणकारांची मतं नुसत्या आवडीपेक्षा जास्त काहीतरी सांगतात, पण त्यावर मी भांडणार नाही.

आणि नीती? बरं-वाईट तर समाजागणिक बदलतंच.

इथे मी सावध आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे, पर्शियाच्या दारयवहूने म्हणजे डरायसने ग्रीकांना विचारलं की किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं शरीर खाल, ते म्हणाले कितीही दिले तरी नाही. मग ज्यांच्यात आईबापांचं शरीर खायची रीत होती अशा भारताकडच्या एका जमातीच्या लोकांना विचारलं की किती घेऊन ते जाळाल, ते तर किंचाळलेच, असलं अभद्र बोलू नका म्हणाले. वाचून पहिल्यांदा वाटतं की झालं, नीती म्हणजे नुसती रीत. पण दोघंही बापाचा अपमान होऊ नये म्हणूनच चिडले होते की! रीत वेगळी, तिच्या खालचं मूल्य तेच.

हे प्रत्येक वेळी जमत नाही हेही खरं. जॉन मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की एवढे मतभेद असण्याचं सोपं स्पष्टीकरण म्हणजे वस्तुनिष्ठ नैतिक सत्य नावाचं काही नाहीच. हा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता येत नाही, थर्मामीटर घालून बघा असं इथे म्हणता येत नाही ना. पण उलट बाजूची अडचण मला जास्त मोठी वाटते. समाज म्हणतो तेच योग्य असं धरलं तर गुलामगिरी मान्य असलेल्या समाजात तिच्याविरुद्ध उभा राहिलेला पहिला माणूस व्याख्येनेच चुकीचा ठरतो, आणि गुलामगिरी गेली याला सुधारणा म्हणता येत नाही, नुसता बदल म्हणावं लागतं. हे मला गिळवत नाही. शिवाय "सगळ्यांच्या नीतीचा आदर करा" म्हणणारे लोक तो नियम सगळ्यांना लावतात, म्हणजे एक तरी निरपेक्ष नियम त्यांच्याकडे आहेच.

उद्या काय होणार हे आज खरं किंवा खोटं असतं का?

ॲरिस्टॉटल उद्याच्या समुद्रातल्या लढाईचं उदाहरण घेऊन इथेच अडकला होता, आणि यावर अजून वाद चालू आहे.

निरपेक्ष सत्य मानणारे लोक हट्टी आणि दुसऱ्यावर लादणारे होतात, त्यापेक्षा सापेक्षवाद बरा नाही का?

सत्य एकच आहे आणि ते मलाच कळलंय, ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मानून दुसरं नाकारता येतं, आणि मला वाटतं तसंच करावं. माझ्या बाहेर काही पक्कं आहे असं मानणाऱ्यालाच "मी चुकत असेन" हे म्हणता येतं. ज्याचं सत्य त्याच्यापुरतंच आहे त्याला चुकायची सोयच नाही, आणि त्याच्याशी बोलून उपयोगही नाही, मग भांडण मिटवायला उरतं काय, ज्याचा आवाज मोठा तो जिंकणार. लादणाऱ्यांना सापेक्षवादाने आळा बसतो हे मला पटत नाही, "आमचं सत्य वेगळं आहे" म्हणत लादणारे पण असतातच.

तत्त्वज्ञांचं यावर एकमत आहे का?

नाही. पण २००९ आणि २०२० च्या फिलपेपर्स या तत्त्वज्ञांच्या मतांच्या सर्वेक्षणांत, ज्यात मुख्यतः इंग्रजीत काम करणारे तत्त्वज्ञ होते, बाहेरचं जग आपल्या मनावर अवलंबून नाही आणि ते आपल्याला कळू शकतं या बाजूला सुमारे ८० टक्के लोक होते. सत्य म्हणजे वास्तवाशी जुळणं या मताकडे निम्म्याच्या आसपास, आणि "खरं आहे" म्हणण्यात वेगळं काही सांगितलंच जात नाही असं म्हणणारे साधारण पाव. आणि हो, बहुमताबद्दल वर काय लिहिलंय ते या आकड्यांनाही लागू आहे, त्यामुळे हे ८० टक्के घेऊन माझ्या बाजूने भांडायला जाऊ नका.